दुसऱ्याच्या खांद्यावरचा क्रूस

गेली कित्येक वर्षे माझी पूजा नुसती हातांची झाली होती. फुले वाहायची, दिवा लावायचा आणि देवाकडे न बघता उठायचे. वयाचा थकवा आहे, असे मुलाला सांगत असे. ते खरे नव्हते.

गुड फ्रायडेला शेजारच्या मेरीबाईंनी येशूच्या अखेरच्या दिवसाचा चित्रपट लावला होता. "एकटे बसून काय करता काका? या इकडे." पाहवत नव्हते, तरी बसलो. येशूला क्रूस पेलवेना, तेव्हा शिपायांनी गर्दीतल्या एका वाटसरूला ओढले आणि ते ओझे त्याच्या खांद्यावर दिले. त्याचा काहीच दोष नव्हता. मेरीबाई डोळे पुसत सहज म्हणाल्या, "घरी गेल्यावर बायकोला काय सांगितलं असेल हो त्यानं?" माझा चहा तसाच राहिला. मला वसंता आठवला.

कोलशेतच्या कारखान्यात आम्ही दोघे एकाच पाळीत होतो. एकदा नमुना घेण्यासाठी टाकीचा व्हॉल्व्ह मी उघडला आणि बंद करायला विसरलो. सगळा माल गटारातून खाडीत गेला. मी तो उघडण्याआधी वसंताने घट्ट बंद केलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. चौकशीत मात्र म्हणालो, "मी टाकीपाशी गेलो तेव्हा उघडाच होता." वसंताची नोकरी गेली. मी निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो.

दुसऱ्या दिवशी ठाकुर्लीला त्याच्या घरी निघालो. स्टेशनचा जिना पाहूनच पिशवी खाली ठेवली. खरे तर परत फिरायला निमित्तच हवे होते. तेवढ्यात एका अनोळखी बाईने माझी पिशवी उचलली. "चला आजोबा, सावकाश." पिशवी तिच्या हातात, म्हणून मागोमाग जावेच लागले. पलीकडे उतरल्यावर पिशवी देऊन ती निघून गेली. नावही विचारायचे राहिले.

"अरे, तू? अजून आहेस होय!" वसंताने हसत दार उघडले. तो आणि वहिनी बाहेर निघाले होते. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं भावजी, यांच्यामुळे उशीर झाला म्हणून भेट झाली. गॅस चारदा बघितल्याशिवाय घर सोडत नाहीत. कारखाना सुटल्यापासूनची खोड."

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळे सांगितले आणि हात जोडले.

वसंताने स्वतःच्या तळहाताकडे पाहिले. "म्हणजे मी बंद केला होता?"

"हो."

"हाताला आठवत होतं रे. पण तू सांगितलंस, म्हणून मी हातावरच विश्वास ठेवला नाही."

वहिनी एवढेच म्हणाल्या, "हे आमच्या मुलासमोर सांगा." तो येईपर्यंत थांबलो आणि पुन्हा सांगितले. त्याने माझ्याकडे पाठ फिरवली. त्याचे बरोबरच होते.

निघताना वसंता मला सोडायला उठला. वहिनी सवयीने म्हणाल्या, "गॅस बघता ना?"

"बंद आहे," चपला घालत तो म्हणाला. आत गेला नाही.

त्याने क्षमा केली का, ते मला ठाऊक नाही. वर्षानुवर्षे मी देवाला ‘यातून सोडव’ म्हणत होतो, आणि ओझे तर वसंताच्या खांद्यावर होते. आता ते माझ्याकडे आहे. थकवा गेलेला नाही. पण मेरीबाईंच्या त्या प्रश्नाचे आणि पिशवी उचलणाऱ्या त्या हातांचे उपकार मानतो. दिवा लावताना आता मान वर करतो. पुढचे देवावर सोपवले आहे.