पालखीचा चौथा खांदा

तेवीस प्रतिज्ञापत्रं टेबलावर पडली होती आणि तेवीसच्या तेवीस खोटी होती.

"वाचा, वकीलसाहेब," दळवी म्हणाले. परदेशी नागरिकांच्या नोंदी ठेवणारी पोलिसांची एक शाखा असते, तिचे ते इन्स्पेक्टर. माणूस सरळ, पण त्या दिवशी त्यांच्या मिशीखाली हसू होतं आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

मी पहिला कागद वाचला. 'बाळाराम हा आमच्या गावचा रहिवासी असून जन्मापासून आजपावेतो गाव सोडून कुठेही गेलेला नाही.' खाली अंगठा. दुसऱ्यात तेच. दहाव्यात तेच. तेविसावा कागद खुद्द गावच्या पोलीस पाटलाचा, झोकदार सहीनिशी. प्रतिज्ञापत्र म्हणजे शपथेवर लिहून दिलेला कागद. त्यात खोटं लिहिलं तर तुरुंगाची वाट सरळ असते.

दळवींनी ड्रॉवरमधून बाळारामचा पाकिस्तानी पासपोर्ट काढला आणि कागदांवर ठेवला. "मग कराचीहून आला तो कोण? त्याचं भूत?"

ते कागद मी दिलेच नव्हते. गावकऱ्यांनी कचेरीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याला गाठून परस्पर ते करून घेतले होते आणि मला न सांगता दळवींच्या हातात नेऊन दिले होते. का, तर वकिलाला तेवढीच मदत! असं अशील वैऱ्यालाही मिळू नये.

ही एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. आज जिथे नवी मुंबईचे सेक्टर आहेत, तिथे तेव्हा भातखाचरं, मिठागरं आणि खाडी होती. मी ठाण्याला वकिली करत होतो. बाळारामचं गाव बोनकोड्याच्या पुढे. नाव सांगत नाही, त्या तेवीस जणांची नातवंडं आता तिथे नांदताहेत.

बाळाराम फाळणीच्या आधी कराचीच्या बंदरात लाँचवर कामाला गेला. तेव्हा कराचीला जाणं म्हणजे सुरतेला जाण्यासारखंच. मग देश दोन झाले. दोन महिन्यांत सगळं शांत होईल म्हणून हा तिथेच थांबला. पुढे येण्याजाण्याला परमिट लागू लागलं. आई आजारी पडली तेव्हा तो तात्पुरतं परमिट काढून आला आणि त्यावर लिहिलेल्या तारखेला मुकाट्याने परत गेला. शहाण्या माणसाने पाय मोडून घेतला असता, पण परत गेला नसता. नंतर परमिट बंद होऊन पासपोर्ट आला. पासपोर्टशिवाय व्हिसा नाही, व्हिसाशिवाय घर नाही. म्हणून त्याने तिथला पासपोर्ट काढला. फॉर्म कारकुनाने भरला, ह्याने अंगठा दिला. घरी आला, व्हिसा संपत आला की पोलिसांकडे जाऊन मुदत वाढवून घेत राहिला. दर वेळी 'मी पाकिस्तानी नागरिक' या ओळीखाली अंगठा. इतक्या प्रामाणिकपणे स्वतःचा घात करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शेवटी मुदत नाकारली गेली आणि नोटीस आली. सात दिवसांत देश सोडा, नाहीतर सरहद्दीपलीकडे नेऊन सोडू. घरी बायको यमी, दहा वर्षांची मुलगी आणि मिठागरावरची रोजची मजुरी. कराचीत त्याचं कुणीही उरलं नव्हतं.

माझा मुद्दा सोपा होता. या माणसाने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व खुशीने घेतलं की नाइलाजाने, हे ठरवण्याचा अधिकार दिल्लीच्या सरकारचा. ते ठरेपर्यंत त्याला हलवू नका. पण दिल्लीला लिहायचं तर काही पुरावा हवा. तो गेला होता, पण घर इथेच मानत होता, असं दाखवणारा. सगळं त्या 'गेला होता'वर उभं होतं. आणि गावाने नेमकं तेच पुसून टाकलं होतं.

"चार दिवस उरलेत," दळवी म्हणाले. "हे कागद मी अजून नोंदवलेले नाहीत. नोंदवले तर तेवीस जणांवर खटले होतील. काय ते बघा."

दुसऱ्या दिवशी होडीने खाडी उतरलो आणि बांधावरून चालत गाव गाठलं. चिखलात एक चप्पल गेली. देवळासमोर सगळे जमले होते. चेहऱ्यांवर असं समाधान, जणू मी शाबासकी द्यायला आलो होतो.

"पाटील, हे काय करून ठेवलंत?" मी ओरडलोच.

पोलीस पाटील शांत. "पोलीस इचारतंय, मानूस कुठं होता. गावाचा जबाब एकच, गावानच होता. आजवर या जबाबानं कोनाचा वाईट झाला नाय."

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. दारूबंदीचे दिवस होते. खाडीतल्या खारफुटीत हातभट्ट्या लागत, पोलिसांची धाड पडे, माणसं पळून जात. मग चौकशीला एकच उत्तर, तो गावातच होता, कुठे गेला नाही. सारं गाव एका तोंडाने बोले आणि सुटे. तेच रामबाण औषध त्यांनी बाळारामला पाजलं होतं.

"अहो, तो जबाब भट्टीसाठी! इथे माणूस गेलाच होता. पासपोर्टवर त्याचा फोटो आहे!"

यमीबाई पुढे आली. "तुमीच सांगलाव ना वकीलसाहेब, तो मनानं गावानच होता असा दाखवा म्हनून? तेच तं लिवलाय."

म्हणजे चूक माझीही होती. मी कपाळाला हात लावून पायरीवर बसलो. बाळाराम कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. त्याच्यासाठी सगळं गाव खोटं बोललं होतं आणि तेच खोटं आता त्याला गावातून घालवणार होतं.

"मी अंगठा नाय दिला," मागून कुणीतरी म्हणालं.

तो पदू, बाळारामचा चुलतभाऊ. त्याच्याकडे कुणी वळूनही बघेना.

"का नाही दिला?" मी विचारलं.

"खोटा कशाला सांगू? गेला होता तो. गेला होता म्हनून तं मी मान मागला."

"कसला मान?"

"पदू, गप रं," पाटील म्हणाले. पण पदूने दहा वर्षं गिळलेलं एकदम बाहेर काढलं. गावदेवीच्या जत्रेत पालखीचा पुढचा उजवा खांदा बाळारामच्या घराचा. बाळाराम कराचीला गेल्यावर तो मान घराण्यातल्या माणसाला, म्हणजे आपल्याला मिळावा, असं पदूने पंचांपुढे मागितलं. पंचांनी नाही म्हटलं. दर चैत्रात त्या दांडीवर बाळारामचं उपरणं बांधायचे आणि पालखी तिघांनीच उचलायची. देवी इतकी वर्षं तिरकी फिरली, पण चौथा खांदा कुणाला दिला नाही.

"आन मला लिवून दिला," पदू म्हणाला. "सगल्यांचे अंगठे घेऊन."

मी उठून उभा राहिलो. "लिहून? कुठे आहे तो कागद?"

कागद पदूच्या घरी होता. रागाने जपलेली वस्तू माणूस कधी हरवत नाही. पत्र्याच्या पेटीतून त्याने तो काढला. पिवळा पडला होता, पण अक्षर स्वच्छ होतं. 'बाळाराम पोटासाठी कराचीस गेला आहे. तो गावचा आहे व परत येणार आहे. सबब मान त्याचाच राहील व दुसऱ्यास मिळणार नाही.' खाली पंचांचे अंगठे आणि पाटलाची तीच झोकदार सही.

दिल्लीसाठी याहून चांगला पुरावा मी स्वतः लिहिला असता तरी जमला नसता.

पदू कागद सोडेना. "ह्यो दिला तं मान कायमचा गेला माजा."

"गेला," मी म्हणालो. खोटं बोलण्याचा मला त्या दिवसापुरता वीट आला होता.

त्याने दारातून बाहेर पाहिलं. पलीकडे यमीबाई मुलीचा हात धरून उभी होती.

"न्या," तो म्हणाला. "तो गेला तं खांदा मला मिलंल. पन पालखी उचलाया माझ्यासंगं कोन येईल?"

मी परतलो तेव्हा पाटील आणि दोन पंच बरोबर होते. दळवींनी तो कागद दोनदा वाचला. मग तेवीस प्रतिज्ञापत्रं पाटलाच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही मी पाहिली नाहीत. पुन्हा मला मदत करायला येऊ नका." नोटीस थांबली. प्रकरण दिल्लीला गेलं. अट एकच, निकाल लागेपर्यंत बाळारामने गाव सोडायचं नाही.

मी सुटकेचा श्वास टाकला. तो महिनाभरच टिकला. शिपाई चौकशीला गावात गेला. बाळाराम घरी नव्हता, गावच्याच मिठागरावर होता. शिपायाने विचारलं, तो गाव सोडून गेलाय का? सगळं गाव एका तोंडाने म्हणालं, "नाय. गावानच हाय."

त्या वेळी ते अक्षरशः खरं होतं.

दळवींनी मला बोलावून घेतलं. "वकीलसाहेब, या गावाच्या 'गावातच आहे'वर मी कसा विश्वास ठेवू?"

मग तोड निघाली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाळारामने स्वतः ठाण्याला येऊन तोंड दाखवायचं. गाव सोडलेलं नाही हे सिद्ध करायला तो दर महिन्याला गाव सोडून ठाण्याला येऊ लागला. ऊन असो, पाऊस असो, एक होडी, दोन मैल बांध. आणि दर वेळी बरोबर पदू. एकट्याला पाठवलं आणि हा पुन्हा कुठल्या कागदावर अंगठा देऊन बसला तर, असं तो म्हणे.

दिल्लीचं उत्तर यायला साठचं दशक उजाडलं. बाळाराम भारताचा नागरिक म्हणून नोंदला गेला. दाखला घ्यायला दोघंही आले होते. कारकुनाने अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे सरकवला. बाळारामने हात मागे घेतला आणि पदूकडे पाहिलं.

पदूने कागद उलटसुलट करून बघितला. दोघांनाही वाचता येत नव्हतं. मग तो माझ्याकडे वळला. "वकीलसाहेब, नीट वाचा. कुठला गाव लिवलाय?"

मी गावाचं नाव मोठ्याने वाचलं. मगच अंगठा उठला.

साक्षीदारांना पढवू नये, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. न पढवलेलं गाव कसं आवरायचं, हे मात्र कुणी शिकवलं नाही.