काचीगुड्यातला पिरॅमिड

मी निवृत्त इतिहासशिक्षक. म्हणजे ऐकणारा वर्ग गेला, बोलायची खोड राहिली. त्यामुळे अफझलगंजला आमच्या मराठी मंडळींनी ‘सिंधू आणि नाईल’ यावर बोलाल का असं विचारलं, तेव्हा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणालो.

त्या दिवसांत घरात वेगळाच विषय तापला होता. काचीगुड्याच्या आमच्या घरात एक खोली माझ्या वडिलांची. ते जुने, उर्दूतून शिकलेले वकील. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण शेरवानी, काठी, जोडे, कवळीसुद्धा मी जागच्या जागी ठेवली होती. रोज सकाळी त्यांच्या टेबलावर चहाचा कप ठेवायचा आणि अर्ध्या तासाने तो निवलेला चहा प्रसाद म्हणून आपणच प्यायचा, हा माझा नेम. सून घरूनच नोकरी करायची, तीही स्वयंपाकघरात बसून, कुकरच्या शिट्ट्यांत. तिला ती खोली हवी होती. मी ऐकेना, म्हणून मुलगा हिमायतनगरला फ्लॅट बघू लागला. ती दोघं गेली तर घर खायला उठेल, हे मला कळत होतं. तरी मी हटून बसलो होतो.

भाषणाची चित्रं सुनेनेच लॅपटॉपवर लावून दिली. एका चित्रापाशी ती थांबली. त्यात खुर्ची, काठी, चपला, खाण्याची भांडी.

“बाबा, ही खोली कोणाची?”

“मेलेल्या राजाची. पुढे लागेल म्हणून सगळं ठेवायचे.”

“हौ का,” म्हणाली आणि पुढचं चित्र लावलं. मला वाटलं, पोरीला इतिहासाची गोडी लागली.

सभेत मी रंगलो. नाईलकाठी मेलेल्यांची बडदास्त. सिंधूकाठी जिवंतांसाठी विहिरी, न्हाणीघरं, झाकलेली गटारं! सिंधूकाठच्या थडग्यांतही मडकी सापडतात, पण ती मुद्द्याच्या आड येत होती म्हणून गाळली. “जिवंतांची अडचण करून मेलेल्यांची सोय बघणारे आपण नव्हेत!” मी गरजलो. पहिल्या रांगेत बायको खळखळून हसली. टाळ्या नंतर आल्या.

परतताना ऑटोत ती म्हणाली, “मोठे आले सिंधूवाले! घरी पिरॅमिड करून बसलात, नि लोकांना गटारं सांगता. पोरं निघाली म्हणजे कुणाला सांगणार?”

ऑटो मूसी नदीच्या कडेने चालला होता. वास असा होता की गटारांवर आणखी बोलवेना. बायकोचं म्हणणं मात्र काळजाला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी खोली रिकामी केली. शेरवानीची घडी घालताना रडलो, उगाच कशाला लपवू? संध्याकाळी सुनेने टेबलावर लॅपटॉप मांडला.

पुढच्या सकाळी सवयीने मी चहाचा कप त्याच टेबलावर ठेवून आलो. अर्ध्या तासाने आणायला गेलो. वडील गेल्यापासून तो कप पहिल्यांदाच रिकामा सापडला.