बाबांकडं दिलेली जागल

भूतखेत, बाहेरचं, लागिरं... यातलं काहीच मी मानत नाही. सौसरला शाळेत गणित शिकवते, आणि शेजारच्या बायका असलं काही बोलायला लागल्या की मी सरळ उठून घरात येते. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण जे झालं ते झालं.

मागच्या वर्षी माझ्या नवऱ्याला झोपेतच अटॅक आला. योगायोगानं मी पाणी प्यायला उठले होते, म्हणून कळलं. नागपूरला नेलं, वाचले. सगळे म्हणाले, नशीब, तू जागी होतीस! ते वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. मी जागी होते म्हणून हे वाचले... म्हणजे मी झोपले तर?

तेव्हापासून माझी झोप गेली. अंधारात यांच्या छातीकडं बघत बसायची. श्वास जरा लांबला की माझ्याच छातीत धडधड सुरू. यांना जाग आली की म्हणायचे, "काहून पाहून राहिली वं? जिता आहो मी!" हसायचे, कूस बदलायचे आणि घोरायला लागायचे. घोरणं ऐकून बरं वाटायचं, इतकी माझी गत झाली होती. डॉक्टरांनी याला एंग्झायटी म्हणतात असं सांगून झोपेची गोळी लिहून दिली. मी ती घेतलीच नाही. गोळीनं झोप लागली तर यांच्याकडं कोण बघणार? शेवटी वर्गात फळ्यावर सोपी बेरीज चुकायला लागली. एकदा गॅस चालू ठेवून शाळेत निघून गेले. आपल्याला आता वेड लागणार, असं मला खरंच वाटायला लागलं.

इथं माझ्या माहेरचं थोडं सांगावं लागेल. माहेर तिगावचं, पांढुर्ण्याजवळ. आमचा संत्र्याचा बाग होता. फळ भरलं की रानडुकरं यायची, चोर यायचे, म्हणून बाबा आणि काका आळीपाळीनं जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला जायचे. आमच्याकडं जागल बदलायची एक रीत होती. ज्याची पाळी संपली तो काठी दुसऱ्याच्या हातात देऊन म्हणायचा, "जागल तुह्याकडं." दुसऱ्यानं "आली माह्याकडं" म्हटल्याशिवाय पहिला आडवा व्हायचा नाही. मग झोपेनं डोलत का असेना!

लहानपणी मी फार भित्री होते. घरात चोर शिरतील म्हणून जागी राहायची. तेव्हा बाबांनी मला तीच रीत शिकवली. अंथरुणातून मी ओरडायची, "बाबा, जागल तुमच्याकडं!" अंगणातून आवाज यायचा, "आली माह्याकडं. नीज आता." की मी लगेच गाढ.

तेच बाबा आता लकव्यानं खाटेवर आहेत. वाचा गेलेली, उजवा हात निकामी. दादा आणि वहिनी त्यांचं सगळं करतात.

तर तो दिवस. दिवेलागणीची वेळ. हे जरा फिरायला गेले होते, मी अंगणात एकटी. फोन आत चार्जिंगला. आज पुन्हा रात्र काढायची या विचारानंच मला रडू फुटलं. कोणाला सांगणार? आणि मावळतीकडं, म्हणजे तिगावच्या दिशेला, तोंड करून मी लहान पोरीसारखी म्हणाले, "बाबा... जागल तुमच्याकडं. मले आता होत नाही."

उत्तर वगैरे काही आलं नाही. मी डोळे पुसले, पोळ्या केल्या, जेवले. जरा पाठ टेकावी म्हणून आडवी झाले, ती थेट उन्हं आल्यावर उठले. हे चहाचा कप घेऊन शेजारी बसलेले. चेहरा उतरलेला.

"मले वाटलं, तूच गेली का काय! तुहा श्वास पाहून राहिलो होतो."

आम्ही दोघंही हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो. तेवढ्यात दादाचा फोन आला.

"बाई, बाबा बोलले काल!"

"काय बोलले?"

"दिवा लावाच्या टाइमले म्हणाले, 'काठी दे.' साफ बोलले बाप्पा! देल्ली, तं उठून बसले. रातभर तसेच बसून होते. आता झोपले."

मी काय केलं होतं ते दादाला सांगितलंच नाही. काय सांगणार?

त्या दिवसापासून मला रोज झोप लागते. आणि बाबा रोज रात्रभर जागे असतात. पुन्हा एक शब्द बोललेले नाहीत. दिवस मावळला की उठून बसतात, काठी घेतात. डॉक्टर म्हणतात, लकव्यानंतर झोपेचं चक्र उलटं होऊ शकतं. होत असेलही. पण त्याच संध्याकाळी? आणि काठीच का मागितली?

एका रविवारी आम्ही दोघं तिगावला गेलो. बाबा फार वाळलेत. मी खाटेवर बसून काठीला हात घातला. "द्या बाबा. जागल माह्याकडं आली. निजा तुमी आता." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडं पाहिलं, खूप वेळ. आणि काठी घट्ट धरली. उजव्या हातानं.

याचा अर्थ काय, मला अजून सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर सांगा. मी रोज दिवेलागणीला अंगणात जाऊन म्हणते, "बाबा, जागल परत द्या." मग आत येते. आज तरी जागी राहू, असं ठरवून यांच्या शेजारी आडवी होते... आणि मला झोप लागते.