धाकट्याच्या टाक्यांचा रंग

थोरला नकाशे रंगवायचा. नदी फुगली, जमीन हादरली, वादळ सुटलं, तर खोऱ्यातल्या कुठल्या कारखान्यातून काय सांडेल, काय पेटेल आणि ते कुणाच्या दारात जाईल, हे बघून कचेरीच्या नकाशावर रंग भरायचा, हीच त्याची नोकरी. हिरवा म्हणजे निर्धास्त, पिवळा म्हणजे सावध, तांबडा म्हणजे आधी दुरुस्ती, मग धंदा.

नदीच्या वळणावर धाकट्या भावाचा रसायनांचा साठा होता. पांढऱ्याशुभ्र टाक्या, मागे बंगला, बंगल्यात आई. थोरल्याकडे भाड्याची खोली आणि रंग लागलेली बोटं. लहानपणी सायकल धाकट्याला मिळाली आणि तिच्यात हवा भरायचं काम याला. तेव्हापासून पोटात जे दुखू लागलं, ते केस पिकले तरी थांबलं नव्हतं.

घरच्या माणसाचा कारखाना दुसऱ्यानं बघायचा, असा कचेरीतला रिवाज. पण कुणी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही. स्वतःच पाहणीला गेला. टाक्या ओट्यावर नुसत्याच ठेवलेल्या, एकही बोल्ट नाही. पुराच्या दिवसांत माल कमी, म्हणजे टाक्या जवळजवळ रिकाम्या. ओट्यावर पाणी चढलं की घागरीसारख्या तरंगणार, नळ तुटणार आणि तळाचं रसायन खालच्या वस्तीत शिरणार.

टेबलाशी परत येऊन त्यानं तांबडी पेन्सिल उचलली, तर मनाला असं काही गोड वाटलं की तो दचकला. एवढा आनंद? मग हे नदी सांगतेय की माझं पोट? त्याला स्वतःचीच शरम वाटली. त्यानं पिवळा भरला.

सुट्टीच्या दिवशी तो बंगल्यावर जेवायला गेला. आई हरखून म्हणाली, "धाकट्याला पिवळा मिळाला, ऐकलंस का? पलीकडच्या साबणवाल्याला तांबडा!"

"आमचं कामच तसं आहे," धाकटा म्हणाला. "आता आणखी टाक्या आणतोय. दादा, कचेरी सोडून इकडेच ये की. टाक्यांना रंग द्यायला माणूस हवाच आहे."

आई हसली. थोरल्यानं हातातला घास ताटात परत ठेवला. खिडकीतून खालच्या वस्तीची दोरीवर वाळणारी धुणी दिसत होती.

"पुरात पोहतील तुझ्या टाक्या," तो म्हणाला. "रंग मी चुकीचा दिलाय."

"जळतोस माझ्यावर!"

"जळतो. आजचा नाही, सायकलीपासून जळतो. पण माझ्या जळण्यानं तुझ्या टाक्या जड होत नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्यानं साहेबांना सगळं सांगितलं, बोलणी खाल्ली. मग त्याच्याऐवजी कचेरीतल्या दुसऱ्या एक बाई पाहणीला गेल्या आणि चिखलाच्या चपलांनी परत येऊन म्हणाल्या, "तांबडा."

धाकट्यानं बोलणं टाकलं, पण टाक्या बोल्टांनी जखडल्या. नदी फुगण्याआधी रिकाम्या टाक्यांत पाणी भरून ठेवायची शिस्तही लावली. त्या वर्षी पूर ओट्यावर चढला. एकही टाकी हलली नाही, वस्तीत नुसता गाळ आला.

पुढं गावच्या सभेत धाकट्यासाठी टाळ्या वाजल्या. आई थोरल्याच्या कानाशी लागून म्हणाली, "टाक्या कशा घट्ट बसवल्यात बघ! डोकं लागतं त्याला."

कचेरीत बाईंनी नवा रंग सांगितला, "हिरवा." थोरल्यानं तो भरला, कडेपर्यंत, जराही न सांडता. फक्त इतका दाबून, की पेन्सिलीचं टोक मोडलं.