ओजीचा मान

क्लेटस अनीके एकशे बारा सिनेमांत राजा झाला आणि त्यातल्या एकेचाळिसांत विष खाऊन मेला. कधी धाकट्या राणीनं घातलं, कधी प्रधानानं, एकदा तर पोटच्या पोरानं. नायजेरियातल्या एनुगू शहराच्या बाजारात तो टोमॅटो घ्यायला गेला की बायका ओरडायच्या, "इग्वे, रांधतंय कोण ते बघून जेवा हो!" इग्वे इग्वे, म्हणजे राजा राजा करायच्या आणि भावही राजाचाच लावायच्या.

मूळचा गडी पोस्टात शिक्के मारणारा. आवाज मात्र असा की चर्चच्या नाटकात दरवर्षी हेरोद राजा तोच. त्या आवाजावर सरकारी टीव्हीच्या मालिकेत काम मिळालं, तेही चौकीदाराचं. फाटक उघडायचं, "साहेब झोपलेत" म्हणायचं, फाटक लावायचं. तीन वर्षं चालली मालिका, साहेब काही उठले नाहीत. मग व्हिडिओ सिनेमे आले. जो उठला तो सिनेमा काढू लागला. अशाच एका सिनेमात राजा होणारा नट ऐन वेळी आलाच नाही. दिग्दर्शक टोबे घायकुतीला आला. त्यानं क्लेटसच्या डोक्यावर लाल टोपी चढवली, गळ्यात पोवळ्यांच्या माळा घातल्या आणि त्रेचाळिसाव्या वर्षी त्याला पांढरी दाढी डकवली.

पहिलाच प्रसंग ओजीचा. पाहुणे येतात, ताटलीत ओजीच्या, म्हणजे कोलाच्या बिया येतात, राजा एक बी हातात धरून आशीर्वाद मागतो, मग ती फोडून सगळ्यांना वाटतात.

"इंग्रजीत बोल," टोबे म्हणाला. "सिनेमा लागोसलाही जायचाय."

"ओजीला इंग्रजी कळत नाही."

"अरे पण लिहिलंय इंग्रजीत! तू बोलणार काय?"

"तू कॅमेरा चालू कर रे."

तो जे बोलला ते त्याच्या थोरल्या भावाचं होतं. क्लेटस नऊ वर्षांचा असताना बाप गेला. चुकुआनीदादा तेव्हा चोविशीचा, ताडी काढणारा. त्यानंच धाकट्याला वाढवलं. दादाचं बोलणं फार सावकाश, एक शब्द आज तर दुसरा उद्या. पण रोज पहाटे उंबऱ्यात बसून हातात ओजी धरायचा आणि म्हणायचा: ओजी आणणारा आयुष्य आणतो. मग घरच्या मेलेल्यांना एकेका नावानं हाक मारून बोलवायचा, आणि त्यानंतरच पुढचं: घारही बसो, गरुडही बसो. जो दुसऱ्याला बसू देणार नाही त्याचा पंख मोडो. रोज हेच, ह्याच क्रमानं. क्लेटस डोळे चोळत ऐकायचा. सगळं पाठ झालं होतं.

फक्त ती नावं टोबेनं काढायला लावली. "खऱ्या मेलेल्यांना बोलावू नकोस बाबा. खरंच आले तर त्यांना जेवायला कोण घालणार?" सगळे हसले. क्लेटसला पहिल्यांदा ते जरा खटकलं. दहाव्या सिनेमापर्यंत त्याची आठवणही राहिली नाही.

तेवीस वर्षं गेली. आता सोमादिनाचं लग्न ठरत होतं. ही त्याची एकुलती एक लेक, एकतिशीची, दवाखान्यात परिचारिका. तिच्या शाळेचा एकही समारंभ बापानं बघितला नव्हता. त्या दिवशी तो कुठं ना कुठं मरत असायचा. आधीचं एक स्थळ मोडलं होतं. नटाच्या घरात खरं किती अन् खोटं किती, म्हणाले ते लोक. म्हणून हे अवका गावाकडचं स्थळ हातचं जाऊ नये एवढंच त्याच्या मनात होतं. बोलणी अर्थातच गावी, अमाओक्पूला, बापाच्या अंगणात.

निघताना बायको ओबियागेली म्हणाली, "ती लाल टोपी ठेवा घरी. मान मिळालेल्यांची टोपी ती. तुम्हाला कुणी दिलाय मान?"

"अगं, पाहुण्यांना बरं वाटेल."

"पाहुण्यांना वाटेल. आणि भाऊबंदांना?"

टोपी घालूनच गेला शहाणा.

अंगणात वीसेक भाऊबंद बसले होते आणि मध्ये एक्याऐंशी वर्षांचा चुकुआनीदादा. दादानं ओजीची ताटली पुढं केली. ती पाहुण्यांत फिरली आणि रीतीप्रमाणं परत आली. राजाचं ओजी राजाच्या हाती, असं म्हणून ती यजमानांतल्या सगळ्यांत थोरल्याला परत द्यायची. पण पाहुण्यांचा म्होरक्या ओबियोरा सिनेमाचा शौकीन. त्यानं लाल टोपी बघितली, दादाला ओलांडून पुढं गेला आणि ताटली थेट क्लेटसच्या हातात दिली. "राजाचं ओजी राजाच्या हाती! इग्वे, तुमच्याच तोंडून होऊ द्या. आमची आई मरेपर्यंत तुमचा आशीर्वाद ऐकत होती."

फोन वर झाले. क्लेटसनं एवढंच म्हणायचं होतं, "थांबा, हे माझं काम नाही." शेंबड्या पोराला कळतं ते. पण समोर ताटली, समोर कॅमेरे, आणि हाताला सवय. हातानं ओजी उचललं, तोंड उघडलं, आवाज अंगणभर घुमला. ओजी आणणारा आयुष्य आणतो. घारही बसो...

काठीचा आवाज झाला. दादा उठला होता. परसातल्या आपल्या खोलीकडे निघाला. त्याच्यामागं एकेक करून भाऊबंद उठले. थोरल्यानं पाठ फिरवली की त्या घरात ना ताडी प्यायची, ना पोरगी द्यायची. पाहुणे एकमेकांची तोंडं बघत राहिले.

सोमादिना दारात उभी होती. "बाबा, तुम्ही घरीसुद्धा शूटिंगच करता का हो?"

क्लेटसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं टोपी काढून तिच्या हातात दिली आणि परसात गेला. दादा खाटेवर बसला होता.

"दादा, चुकलो."

"राजे चुकत नाहीत," दादा म्हणाला. बऱ्याच वेळानं पुढचं आलं, "विष खातात."

"तू... बघतोस माझे सिनेमे?"

"न्हाव्याच्या दुकानात. सगळे." दादानं काठी भिंतीला टेकवली. "माझेच शब्द बोलतोस. बोल. शब्दांना कुठं कुंपण असतं? ताटली घेतलीस तेही एकवेळ सोडलं असतं. तुला लहानपणापासून समोर आलेलं सोडवत नाही." दोघांनाही हसू आलं असतं, पण आलं नाही. "पण तेवीस वर्षं बघतोय, तू बाबांना बोलवत नाहीस. मी म्हणायचो, सिनेमा आहे, सगळं खोटं, खोट्यात बाप कशाला? आज तर खरं होतं ना रे? बाबा तिथं अंगणाच्या कडेला पुरलेत. त्यांच्या नातीचं लग्न. आणि तू त्यांना वगळून घारीवर आलास."

क्लेटसनं आठवून बघितलं तरी त्याला आठवेना, बापाचं नाव आपण शेवटचं कधी घेतलं. तो खाटेच्या पायाशी बसला आणि रडला. सिनेमात एवढं रडला होता, पण हे रडणं त्याला आवरेना. दादानं रडू दिलं. मग म्हणाला, "ऊठ. लोक उपाशी आहेत."

दोघं अंगणात आले तसे भाऊबंदही परतले. ओबियोरा उठून आला, दादाचे दोन्ही हात धरून म्हणाला, "आजोबा, गाढवपणा माझा झाला."

"बस," दादा म्हणाला. "घारही बसो."

दादानं ओजी हातात घेतलं. सावकाश बोलला, इतका सावकाश की दोन फोन मध्येच खाली गेले. पणज्याला बोलावलं, आजोबाला बोलावलं, आणि थांबला. क्लेटसकडे बघून म्हणाला, "पुढचं तू."

"अनीके न्वोडो," क्लेटस म्हणाला. आवाज पार बसला होता. शेजारच्यालाही नीट ऐकू गेलं नाही.

"मोठ्यानं. म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं."

"अनीके न्वोडो! या, बाबा. सोमादिनाचं लग्न आहे."

फोडायला आणि वाटायला घरातला सगळ्यांत धाकटा लागतो. एका पुतण्यानं हात पुढं केला, पण दादानं ताटली त्याला दिली नाही. "आज माझा धाकटा वाटेल."

सहासष्ट वर्षांच्या क्लेटसनं बोडक्या डोक्यानं ओजी फोडलं. चार पाकळ्या निघाल्या, बरा शकुन. पहिला तुकडा त्यानं अंगणाच्या कडेला, मातीवर ठेवला. मग ताटली घेऊन वाकत वाकत पाहुण्यांसमोर आला. ओबियोरा गडबडून उठायला लागला, "अहो इग्वे, तुम्ही कशाला..."

"घ्या हो," क्लेटस म्हणाला. "मी अनीकेचा धाकटा."