तिच्या डोक्याला लागलेला मार

ती दुपार आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. सारंगखेड्याजवळच्या एका गावातून आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. शेतकऱ्याच्या डोक्यात बायकोनेच दांडा घातला, असं त्याचा चुलतभाऊ सांगत होता. आपण सगळं संपल्यावर पोचलो, असंही म्हणाला.

जखमी दवाखान्यात सारखा एकच प्रश्न विचारत होता, "काय व्हयनं? मी आठे कसा?" काय झालं, इथे कसा आलो, सकाळचं त्याला काहीच आठवत नव्हतं. बायकोला मात्र सगळं आठवत होतं, वरून जखमही दिसत नव्हती, म्हणूनच आमच्या हवालदाराचा संशय बळावला. ठाण्यात ती पदराने डोळे झाकून बसली. हवालदार एवढंच विचारत होता, "का मारलंस?" तिची उत्तरं तुटक.

"दिवा बंद करा, साहेब. उजेड सहन व्हत नही."

"नाटकं करते," हवालदार पुटपुटला. तेवढ्यात तिला उलटी झाली. मी येरझाऱ्या घालत होतो. चूक कुठे होतेय ते कळेना. शेवटी महिला शिपाई सोबत देऊन तिलाही तपासायला पाठवलं.

डॉक्टरबाईंनी केस बाजूला केले. मागे मोठं टेंगूळ होतं.

"डोक्याला मार लागल्यावर विसरणं, गोंधळणं पुरुषांत जास्त दिसतं," त्या म्हणाल्या. "बायकांत डोकेदुखी, मळमळ, उजेडाचा त्रास. नेहमीच असं नसतं. पुरुष बहुतेक गाडीवरून पडून येतात. बायका घरात पडून, नाहीतर कुणी मारल्यामुळे. आणि मारल्याचं घरचे सांगत नाहीत."

"तुलाही लागलंय, हे आधी का बोलली नाहीस?" मी तिला विचारलं.

"माले कोन्ही इचारंच नही."

मग तिने सांगितलं. शेताला पाणी देण्याच्या पाळीवरून चुलतदिराने नवऱ्याला मारलं. ती आडवी गेली, तर तिला ढकलून विहिरीच्या कठड्यावर आपटलं.

चुलतभावाला बोलावलं. तिच्या दुखापतीचं मी अवाक्षर काढलं नाही. फक्त विचारलं, "भांडणात आणखी कुणाला लागलं?"

"तिले थोडंसंच लागनं, साहेब. कठडा..." "तू तर नंतर पोचलास, मग कठडा कुठून कळला?" मी विचारलं. त्याचा चेहरा उतरला. संध्याकाळी दांडा त्यानेच उसातून काढून दिला.

त्यानंतर मारामारीची कुठलीही खबर आली की मी आधी विचारायचो, तिथे हजर असलेल्या प्रत्येकाला डॉक्टरांनी पाहिलं का? जो गप्प बसलाय, त्यालाही.

नवऱ्याला ती सकाळ कधीच आठवली नाही. कोर्टात बायको साक्ष देत होती, तेव्हा तो मान खाली घालून, कुणा दुसऱ्याच्या घरातली गोष्ट ऐकावी तसा ऐकत होता.