गुणाजी ऐकतोय

गडबच्या सरूच्या जिभेला हाड नाही, असं सगळा गाव म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. म्हशीपासून सरपंचापर्यंत तिने कुणाला सोडलं नव्हतं. नवरा गुणाजी तिच्या अगदी उलट. दिवसाकाठी दहा शब्द बोलला तरी पुष्कळ झालं. पण खळ्यावर भात मोजायला लोकांना गुणाजीच लागायचा, कारण त्याचं माप कधी चुकायचं नाही.

शहाण्णव सालच्या कापणीत हा गुणाजी शेतातच कोसळला. मेंदूत गुठळी झाली होती. मुंबईच्या दवाखान्यात महिनाभर ठेवून डॉक्टरांनी सांगितलं, शरीर जगतंय, जाण गेली. नाकात नळी घालून त्याला घरी धाडलं. डोळे उघडे, पण कुणाकडे वळत नसत. सरू नळीतून पेज घालायची, कूस बदलायची आणि सवयीने बोलत राहायची. चिडली की काय काय बोलायची त्याला सुमार नव्हता. ऐकायला आत कुणी नाही म्हटल्यावर भ्यायचं कशाला?

तीन महिन्यांनी थोरला दीर हैबतराव खाटेशेजारी बसून म्हणाला, "सरू गो, ह्याच्यात आता काय ऱ्हायला नाय. अमावास्या झाली की नळी काढू. सुटेल बिचारा."

सरू पार मोडून गेली होती. ती म्हणाली, "व्हय, काढा. मी पण सुटेन."

अमावास्येला चार दिवस उरले होते. दुपारी सरू पडवीत गुणाजीच्या खाटेजवळ भात मोजत बसली. पहिल्या मापाला आपल्याकडे 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, नाहीतर बरकत जाते. सरूचं चित्त ठिकाणावर नव्हतं. पायली भरली आणि तोंडून निघून गेलं, "एक."

गुणाजीचे डोळे वर गेले.

सरूने ते पाहिलं. तिने पायली ओतली, पुन्हा भरली. "लाभ." डोळे जागच्या जागी. पुन्हा भरली. "एक." बुबुळं सरळ वर. तिने सात वेळा करून पाहिलं, आणि सातही वेळा तसंच झालं. बाईला आनंद व्हायला हवा होता. पण तिला दरदरून घाम फुटला. हा माणूस आत जागा आहे. मग कधीपासून जागा आहे?

कुणाला सांगायची गरज नव्हती. चार दिवस गप्प बसली असती तर तिचे ते शब्द गुणाजीबरोबरच गेले असते. हे तिच्या मनात आलं, आणि आलं म्हणून तिला स्वतःचीच भीती वाटली. दोन दिवस ती घरात अवाक्षर बोलली नाही. पेज घालताना तोंड फिरवून बसायची. पण पाठीवर त्याची नजर जाणवायची, मग पेज उशीवर सांडायची. तिसऱ्या दिवशी तिच्याने राहवेना. तिने हैबतरावाला सगळं सांगितलं.

हैबतरावाने रोह्याहून महिपती डॉक्टरांना आणलं. ते खाटेवर वाकले. "गुणाजीराव, हो असेल तर वर बघा. तुमचं नाव हैबतराव?" डोळे स्थिर. "तुमचं नाव गुणाजी?" डोळे वर.

हैबतराव भावाच्या पायांवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडला. डॉक्टर म्हणाले, "मेंदूपासून अंगाकडे जाणारी वाट गुठळीने बंद झालीय. माणूस आत पुरता शुद्धीवर असतो. फक्त डोळे वरखाली करता येतात."

"पयल्यापासून सगळं ऐकत असतील?" सरूने विचारलं.

"बहुतेक."

सगळे गेल्यावर सरू खाटेच्या कडेला बसली. "अवो, नळी काढा म्हणाले मी. ऐकलंत ते?"

डोळे वर गेले.

राग हाय का माझा, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने पेजेचं भांडं उचललं आणि विचारलं, "भूक लागली?"

गुणाजी पुढे नऊ वर्षं जगला. सरूने त्याला एक दिवसही अंतर दिलं नाही. उकडतंय का, कूस बदलू का, म्हैस व्याली ते कळलं का, असं ती दिवसभर विचारायची आणि तो डोळ्यांनी सांगायचा. रागाचं तेवढं तिने कधी विचारलं नाही. आणि विचारल्याशिवाय गुणाजीला काही सांगता येत नव्हतं.